पाचाला वीस कमी

१

पेटी जागेवर होती. मोहोर शाबूत होती. आत एकशे बारा पानं, एकही कमी नाही. तरीही त्या पेटीतून काहीतरी बाहेर गेलं होतं, आणि अख्ख्या बेटानं ते सकाळच्या रेडिओवर ऐकलं होतं.

मीही ऐकलं. कालची उरलेली पावाची कणीक तव्यावर तळत होतो, काकवीची बरणी उघडून ठेवली होती. लोकांचे फोन घेणारा रोजचा कार्यक्रम चालू होता. कुणी रस्त्यावरच्या बर्फाबद्दल तक्रार करत होतं, कुणी कॉड माशाबद्दल. मग एका बाईचा आवाज आला, सपाट, गोठलेल्या तळ्यासारखा. फिलोमिना करीन, ग्रे टिकल गावची.

"चार वर्षं मी एकच विचारतेय," ती म्हणाली. "माझ्या गसनं बोटीवरून हाक मारली तेव्हा पाचाला वीस कमी होते. ऐकणाऱ्याच्या काचेवर ऊन होतं. आणि हेलिकॉप्टरला निघ म्हणून सांगितलं सात वाजता. मधे काय चाललं होतं, एवढं कुणीतरी मला सांगा."

बाईनं फोन ठेवला. माझी कणीक करपली.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता न्यायमूर्ती वॉडनबाईंचा फोन आला. मी अल्फोन्सस ड्रोहन. न्यूफाउंडलंडमधल्या सेंट जॉन्सच्या न्यायालयात एकतीस वर्षं रजिस्ट्रार होतो. बंद पाकिटं घ्यायची, बंदच ठेवायची, आणि घरी जेवताना हवापाण्याचं बोलायचं. रीटा म्हणायची, तुझ्याशी लग्न म्हणजे पोस्टाच्या पेटीशी लग्न. टाकत राहायचं, बाहेर काही येत नाही. ती जाऊन सहा वर्षं झाली. आता टाकणारंही कुणी नाही.

न्यायमूर्तींनी थोडक्यात सांगितलं. एलन मे नावाची बोट चार वर्षांपूर्वी फेब्रुवारीत बुडाली. फिलोमिनाचा नवरा गस करीन आणि त्याचा धाकटा भाऊ दोघंही गेले. सरकारी बचाव खात्याचं म्हणणं, हाक आली तेव्हा अंधार पडू लागला होता, करण्यासारखं काही उरलं नव्हतं. फिलोमिनानं त्या दिवसाची कागदपत्रं मागितली, खात्यानं नाही म्हटलं, आणि माहितीचा दावा उभा राहिला. अशा दाव्यात एक जुनी अडचण असते. कागद न वाचता वकिलानं भांडायचं कसं? म्हणून न्यायालय एक वाट काढून देतं. कागद मोहोरबंद पेटीत न्यायालयात येतात आणि अर्जदाराच्या वकिलाला, एकट्यालाच, वाचायला मिळतात. त्याआधी वकील हमीपत्रावर सही करतो, की जे वाचलं ते कुणालाही सांगणार नाही. ज्याच्यासाठी भांडतोय त्यालाही नाही.

फिलोमिनाची वकील होती स्टेशिया पॉवर. तिनं जानेवारीत पेटी वाचली होती. आता सरकारी वकील लांक्तो मुख्यभूमीवरून विमानानं येऊन न्यायमूर्तींच्या खोलीत बसले होते. बाईनं रेडिओवर सांगितलेलं मिनिट पेटीतल्या एकतिसाव्या पानावर आहे, ते जगात दुसरीकडे कुठंही नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यांना स्टेशियाची सनद हवी होती. सनद गेली की दावाही गेला. ग्रे टिकलच्या विधवेसाठी फुकट भांडणारा दुसरा वकील या बेटावर नव्हता.

"हे फुटलं कुठून, ते शुक्रवारपर्यंत मला सांगा, फॉन्स," न्यायमूर्ती म्हणाल्या. "पण आधी तुम्हीही सही करा."

मी हमीपत्रावर सही केली आणि एकतिसावं पान उघडलं. टंकलेखनातली काळी, नीटस ओळ. 'एलन मे'ची हाक ऐकली. आणि समोर वेळ: चार चाळीस.

२

स्टेशिया तिच्या कचेरीत अंगावरचा कोट न काढता बसली होती. तिचे वडील आणि मी एका बाकावर शिकलो, म्हणून ती मला फॉन्सकाका म्हणते. तिनं कुणालाही काही सांगितलं नव्हतं, हे तिनं एकदाच सांगितलं, आणि पुन्हा सांगायचा प्रयत्न केला नाही. फिलोमिनाला शेवटचं कधी भेटलीस, विचारलं. आठ आठवड्यांपूर्वी, म्हणाली. पेटी वाचायच्या आदल्या दिवशी.

त्याआधी ती दर रविवारी ग्रे टिकलला जायची, हे मला ठाऊक होतं. पेटी वाचली आणि जाणं बंद. कुणी म्हटलं असतं, अपराधी मन. मी कारण विचारलं.

"माझा चेहरा वाचता येतो, काका. ती चहा ओतत समोर बसणार आणि मला विचारणारसुद्धा नाही. नुसती बघेल." तिनं हातमोजे काढले, पुन्हा घातले. "त्यापेक्षा नकोच जायला."

मग आम्ही हवेबद्दल बोललो. एकच पान वाचलेली दोन माणसं समोरासमोर बसून, उद्या गारांचा पाऊस म्हणतायत, असं बोलत होतो. त्या खोलीइतकी रिकामी खोली मी पाहिलेली नाही.

वाचनखोलीवर लक्ष ठेवायला हिल्डा नोसवर्दी होती. माझ्याच हाताखाली तयार झालेली. कोट बाहेर, पिशवी बाहेर, टिपणाची वहीसुद्धा पेटीतच मोहोरबंद. हिल्डानं पेटी कधी वाचली का, हे विचारणं मला भाग होतं. तिनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. वाचायला चष्मा लागतो, म्हणाली, आणि पेटी आली की तो मी घरी विसरून येते. हे मला कुणी शिकवलं ते आठवतंय का साहेबांना? आठवत होतं. मीच शिकवलं होतं. मग तिनं आवाज खाली आणून सांगितलं, की तिसऱ्या दिवशी स्टेशिया बाहेर आली ती थेट हात धुवायला गेली, आणि नळ फार वेळ वाहत होता. नळाच्या आवाजाखाली दुसरा एक आवाज होता. हिल्डानं तो न ऐकल्यासारखं केलं.

लांक्तो हॉटेलात भेटले. उंच, नेटके, बुटांवर रबरी खोळी चढवलेल्या. माणूस वाईट वाटला नाही. एक गोष्ट पक्की दिसल्यावर दुसरीकडे बघायची सवय नसलेला वाटला. ते म्हणाले, ड्रोहन, आकडा बघा. पाचाला वीस कमी म्हणजे चार चाळीस. पानावर काय आहे? चार चाळीस. हा योगायोग असेल तर मी माझी टोपी खातो.

मला त्यांच्याशी वाद घालता आला नाही. निघताना वाटलं, शुक्रवारची वाट तरी कशाला पाहायची?

३

रेडिओवाल्यांनी बोलण्याची ध्वनिफीत दिली. घरी स्वयंपाकघरातल्या टेबलावर मी ती लावली. पहिल्यांदा मी आकडा ऐकला. दुसऱ्यांदा बाईचा श्वास ऐकला. तिसऱ्यांदा तिचं दुसरं वाक्य कानात अडकलं.

हेलिकॉप्टरला सात वाजता सांगितलं.

पान एकतीस, तळाची ओळ: हेलिकॉप्टरला आदेश, सहा तीस.

पहिला आकडा पानाशी जुळतो, दुसरा नाही. फरक किती? अर्धा तास.

या बेटावर जन्मलेल्या माणसाला 'अर्धा तास' म्हटलं की आणखी काही सांगावं लागत नाही. आमची घड्याळं मुख्यभूमीच्या अर्धा तास पुढे. लहानपणापासून तिकडचा रेडिओ प्रत्येक कार्यक्रमाची वेळ सांगतो, आणि शेपटीला जोडतो, न्यूफाउंडलंडात अर्ध्या तासानं. आम्ही तो अर्धा तास श्वासासारखा मिळवतो, वजा करतो. खात्याचा कारभार मुख्यभूमीवरून चालतो, म्हणून कागदही तिकडच्या घड्याळानं. पानाच्या माथ्यावर तसं लिहिलेलंच होतं, आणि मी ते बघून न बघितल्यासारखं केलं होतं.

मग मी चहा केला आणि बोटांवर मोजलं. पानावरचे चार चाळीस म्हणजे आमचे पाच दहा. पानावरचे सहा तीस म्हणजे आमचे सात. स्टेशियानं फोडलं असतं तर ती इथली पोर. तिनं फिलोमिनाला सांगितलं असतं पाच दहा आणि सात. कागद जसाच्या तसा बाहेर गेला असता तर चार चाळीस आणि सहा तीस. फिलोमिना म्हणाली चार चाळीस आणि सात. ही जोडी त्या कागदातून कुठल्याच वाटेनं निघत नाही.

आणि ते ऊन. पेटीत ऊन नव्हतं, एकशे बारा पानांत कुठंच. पंचांग काढलं: त्या दिवशी सूर्य सव्वापाचला मावळला, म्हणजे पश्चिमेच्या डोंगरामागे पाचाच्या आतच गेला असणार. पाच दहाला कुणाच्याही काचेवर ऊन नसतं. पाचाला वीस कमी असताना असतं.

सकाळी लांक्तोंना गाठून म्हटलं, दुसरा आकडा जुळत नाही. ते हसले. बाईनं एक वेळ इथली करून घेतली, दुसरी विसरली, त्यात काय? मी त्यांना किती वाजले ते विचारलं. त्यांनी मनगट पाहिलं आणि म्हणाले, पावणेअकरा. मग ओशाळून म्हणाले, नाही, तुमचे सव्वाअकरा. चार दिवस झाले तरी त्यांनी घड्याळ लावून घेतलं नव्हतं.

"विसरता ते तुम्ही, साहेब," मी म्हटलं. "आम्हाला विसरताच येत नाही."

त्यांनी मनगट बाहीत लपवलं. पण माझं निम्मंच काम झालं होतं. पेटीतून गेलं नाही, हे कळलं. मग आलं कुठून? त्या दिवशी, त्या मिनिटाला, इथल्या भिंतीवरचं घड्याळ बघणारं कुणीतरी होतं, आणि त्याच्या खिडकीवर ऊन होतं.

४

ग्रे टिकल दोन तासांवर. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला काहीच नाही. लहानपणच्या ओळखीनं फिलोमिनानं मला दारातच ओळखलं. फॉन्स, तू अजून जिवंत, म्हणाली, आणि किटली चढवली. डब्यातलं दूध घातलेला काळा चहा आणि बेदाण्यांचा पाव पुढं आला. भिंतीवर दोन्ही भावांचा फोटो, बोटीच्या नाकावर बसलेले.

मी सरळ विचारलं, वेळ कुणी सांगितली. ती पावाला लोणी लावत राहिली.

"मला कुणी काही सांगितलं नाही. बायबलावर हात ठेवून म्हणते."

ती खोटं बोलणारी नव्हती. म्हणून मी गप्प राहिलो. गप्प राहणं हे माझं एकमेव कसब. थोड्या वेळानं ती आपणहून बोलू लागली, पण स्टेशियाबद्दल. पोर दर रविवारी यायची, लाकडं आत आणून द्यायची, नाताळात मोजे विणून आणले, तेही दोन वेगळ्या मापांचे, विणकामात अगदीच ढ. आणि मग जानेवारीपासून नाहीशी. मला वाटलं, कंटाळली. मोठ्या शहरातली वकील, किती दिवस म्हातारीचा चहा पिणार? मला तर तिला केवढं सांगायचं होतं. सात रविवार किटली चढवून बसले. आठव्या रविवारी ठरवलं, आता रेडिओलाच सांगते. तो तरी फोन उचलतो.

एकीला सांगायचं होतं म्हणून ती वाट बघत होती. दुसरीला सांगता येत नव्हतं म्हणून ती येत नव्हती.

फिलोमिना भांडी विसळायला उठली आणि सवयीनं गुणगुणू लागली. चाल जुनी, बुडालेल्या बोटींच्या गाण्यांची. आमच्याकडे बोट गेली की तिचं गाणं होतं. तारीख, वारा, माणसांची नावं, सगळं खरं घालायचं असतं. गाण्यात खोटं घातलं तर बुडालेला झोपत नाही म्हणतात. मी म्हटलं, गसचं का? ती थांबली. मग पाठमोरीच गाऊ लागली.

*बारा तारीख फेब्रुवारी, वारा ईशान्येचा,*
*एलन मे निघाली, भाऊ धाकटा संगतीचा.*

*एकानं घातली हाक, एकानं दिली साद,*
*मधे कोसभर पाणी, पाण्याला नाही दाद.*

*साद देणारा बोलला, गस, सोडू नको धीर,*
*निघाली माणसं आता, नाही व्हायचा उशीर.*

*त्यानं धरला धीर, बाई, त्यानं धरली फळी,*
*वाट बघता बघता झाली लाटेची झोळी.*

शेवटची ओळ तिनं गायली नाही. ती बोलली. तीही आमची रीत: गाण्याचे शेवटचे शब्द साध्या आवाजात बोलायचे, ऐकणाऱ्याला गाण्यातून उतरवून जमिनीवर ठेवायला.

"पाचाला वीस कमी होते. काचेवर ऊन होतं."

नळ ठिबकत होता. मी विचारलं, हे कुठं ऐकलंस.

नाताळच्या बारा दिवसांतल्या शेवटच्या रात्री, म्हणाली, पोर शेवटची येऊन गेल्यावर सोंगं आली होती. दरवर्षी येतात: उलटे कोट, पाठीला बांधलेली उशी, तोंडावर पडद्याचं कापड, आवाज बदललेला. घरधन्यानं ओळखायचं. ओळखलं की सोंगानं कापड काढून तोंड उघडायचं आणि केक खायचा. चार जणांना मी ओळखलं. पाचवा एकटा मागं राहिला. त्यानं हे गाणं म्हटलं. हेलिकॉप्टरचे सात वाजल्याचं कडवंही त्यात होतं, ते मला गाववत नाही.

"आणि त्याला नाही ओळखलंस?"

फिलोमिनानं हात पुसले, फार सावकाश.

"ओळखलं असतं तर त्याला तोंड उघडावं लागलं असतं, फॉन्स. तो केक न खाताच गेला."

५

ओळखायला मलाही फार वेळ लागला नाही. गाण्यात साद देणारा काय बोलला ते होतं. गस बुडाला, त्याचा भाऊ बुडाला. ते शब्द ठाऊक असलेला जगात एकच माणूस उरला होता, बोलणारा. एकतिसाव्या पानाच्या कोपऱ्यात दोन आद्याक्षरं होती. ती इथं लिहिण्याची आता मला मुभा आहे: अँब्रोज हाइन्स, भूशिरावरच्या बिनतारी केंद्रातला माणूस.

केंद्र दोन वर्षांपूर्वी बंद झालं, यंत्रं बसवली. अँब्रोज अजून त्याच डोंगराखाली राहत होता. घरात एक खुर्ची, एक कप, आणि भिंतीवर केंद्रातलं जुनं गोल घड्याळ. ते त्यानं निवृत्तीच्या दिवशी मागून घेतलं होतं.

मी त्याला म्हटलं, नाताळात तू उलटा कोट घातला होतास. तो हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. निवृत्त होताना खात्यानं त्याच्याकडून लिहून घेतलं होतं, की केंद्रात ऐकलेलं मरेपर्यंत बोलायचं नाही. तोंडानं बोलायचं नाही, तो हळूच म्हणाला. म्हणून तोंड झाकून गेलो होतो. स्वतःच्याच विनोदावर तो हसला आणि ते हसणं अर्ध्यात राहिलं.

त्यानं सांगितलं, तोडून तोडून. हाक आली. त्यानं त्याच मिनिटाला मुख्यभूमीला कळवलं. तिकडून विचारणा: नक्की का? बोटीचा नंबर? पुन्हा विचारा. वरिष्ठ जेवायला गेलेत. शेजारच्या खाडीतल्या बोटींना सांगू का, त्यानं विचारलं. आदेशाशिवाय नको, म्हणाले. तोवर खाडीत उजेड होता, बोटी धक्क्याला बांधलेल्या त्याला खिडकीतून दिसत होत्या. आणि गस मधूनच विचारत होता, निघाले का रे? तो म्हणत होता, निघाले.

"दोन तास वीस मिनिटं मी त्याच्याशी खोटं बोलत होतो, फॉन्स. शेवटी तो मला थँक्यू म्हणाला."

मला एकच विचारायचं होतं, आणि तेही पानाचं नाव न घेता. वेळेची नोंद कशी ठेवायचास? तो म्हणाला, आधी कच्च्या वहीत, पेन्सिलनं, भिंतीवरच्या घड्याळाप्रमाणं. दुसऱ्या सकाळी टंकयंत्रावर पक्की प्रत. पक्क्या प्रतीत प्रत्येक ओळीतून अर्धा तास वजा. चोवीस वर्षं, रोज. झोपेतही करता आलं असतं.

"त्या सकाळीही केलास?"

"केला असणार." तो घड्याळाकडे बघू लागला. "करतोच आपण. का विचारतोस?"

मी हमीपत्राला बांधलेला होतो. मी म्हणालो, बाहेर गारा पडू लागल्यात वाटतं.

अँब्रोजनं माझ्याकडे बघितलं. चोवीस वर्षं त्यानं गप्प लाटांमधून माणसं ऐकली होती. मी गप्प बसलो तर त्यातही त्याला ऐकू येणार होतंच. त्याचा चेहरा हळूहळू उतरत गेला. कच्च्या वह्या महिन्याच्या महिन्याला मुख्यभूमीवर जायच्या, तो शेवटी म्हणाला. फेकून देत नाहीत ते काही. मागवा.

दारात मी त्याला सांगितलं, की शुक्रवारी न्यायालयानं बोलावून विचारलं तर ते लिहून दिलेलं आड येत नाही. पण बोलावणं पाठवायचं की नाही, हे मी त्याला विचारल्याशिवाय ठरवणार नाही. त्याची पेन्शन होती, त्याचं घर होतं. तिकडे एका पोरीची सनद होती.

तो उंबऱ्यातच उभा राहिला. उत्तर न घेताच मी गाडीत बसलो.

६

शुक्रवारी न्यायमूर्तींची बंद खोली. स्टेशिया, लांक्तो, मी. मी माझी मांडणी केली: दोन आकडे, तीन वाटा, आणि कुठल्याच वाटेनं न निघणारी एक जोडी. लांक्तोंनी मान हलवली, पण ते म्हणाले, मग बाईंना सांगणारा कोण? नाव हवं. नावाशिवाय हे नुसतं गणित.

मी बोलावणं पाठवलं नव्हतं. अँब्रोजला विचारल्याशिवाय त्याचं नाव मी घेणार नव्हतो. तेवढ्यात हिल्डानं दार ढकललं आणि म्हणाली, बाहेर एक गृहस्थ आलेत, कोट सुलटा घातलाय, आणि म्हणतायत की त्यांना विचारा.

अँब्रोजनं सगळं सांगितलं. न्यायमूर्तींनी लांक्तोंना कच्ची वही मागवायला सांगितली. शनिवारी दुपारच्या विमानानं ती आली आणि आम्ही सगळे पुन्हा त्याच खोलीत जमलो. लांक्तोंनी स्वतः पान काढलं, पेन्सिलच्या ओळीवर बोट ठेवलं, मग एकतिसावं पान शेजारी ठेवलं. त्या दिवसाच्या प्रत्येक ओळीतून अर्धा तास वजा झाला होता. एक ओळ सोडून. एलन मेची हाक, वहीत चार चाळीस, पानावरही चार चाळीस. त्या एका ओळीला त्याच्या हातानं घड्याळ बदलायचं नाकारलं होतं.

खात्याचा सगळा बचाव त्या ओळीवर उभा होता: पानावरून ती पाच दहा वाचली जायची, म्हणजे हाक आली तेव्हा अंधार पडू लागला होता.

"म्हणजे चार वर्षं," अँब्रोज म्हणाला, "ते ऊन मीच मावळवलं होतं."

लांक्तोंनी स्टेशियाविरुद्धचा अर्ज उचलला, मधोमध फाडला आणि खिशात घातला. मग त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढलं, किल्ली ओढली, आणि काटा अर्धा तास पुढे केला. खात्याला मी सांगेन, म्हणाले. ही वही आता झाकता येणार नाही.

तरी निकाल लागेपर्यंत हमीपत्र हमीपत्रच. मी पेटी बंद केली, लाख वितळवली, शिक्का दाबला.

बाहेर आलो तर ओसरीतल्या बाकावर फिलोमिना बसलेली. हिल्डानं फोन केला असावा. विचारलं तर ती चष्मा घरी विसरल्याचं सांगेल. स्टेशिया तिच्यासमोर उभी, हातमोजे काढतेय, घालतेय. तोंड उघडलं आणि मिटलं.

"तू नको बोलूस," फिलोमिना म्हणाली. "बोलायला बंदी आहे तुला. ऐकायला नाही ना? बस इथं. सात रविवारांचं साचलंय."

स्टेशिया बसली. म्हातारीनं तिचे दोन्ही हात मांडीवर घेतले आणि हलक्या आवाजात गाणं सुरू केलं, बारा तारखेपासून. न्यायालयाच्या ओसरीत कुणी गात नाही. पण हिल्डानं हटकलं नाही, मीही नाही. हाक झाली, साद झाली, फळी झाली, लाटेची झोळी झाली. मग फिलोमिना थांबली. शेवटची ओळ ती बोललीच नाही. बाकाच्या दुसऱ्या टोकाला, टोपी हातात धरून, उघड्या चेहऱ्यानं उभ्या असलेल्या माणसाची ती वाट बघत होती.

"पाचाला वीस कमी होते," अँब्रोज म्हणाला. "काचेवर ऊन होतं."

फिलोमिनानं त्याच्याकडे नीट बघितलं, जसं नाताळात सोंगाकडे बघतात.

"आता ओळखलं तुला," ती म्हणाली, आणि पिशवीतून कागदात गुंडाळलेला केकचा तुकडा काढून त्याच्यापुढे धरला.